शिफारस म्हणजे वशिला नव्हे!

आपल्याकडं घरातली कागदांची पिशवी बहुतेक वेळा बाईच्याच ताब्यात असते. कपाटात साड्यांच्या खाली नीट घडी घालून ठेवलेली. रेशनकार्ड, सातबाराचे उतारे, विम्याच्या पावत्या, पोरांचे दाखले, सासऱ्यांच्या डोळ्यांच्या ऑपरेशनचे कागद, सगळं तिच्यात. "अगं, तो कागद कुठं ठेवलास?" अशी हाक आली की दोन मिनिटांत कागद हातात. याला कुणी व्यवस्थापन म्हणत नाही, पण असतं ते तेच.

मग मला सांगा मैत्रिणींनो, एवढ्या टापटिपीच्या आपण, पण लेकीनं पदवीनंतर बाहेर जाऊन पुढं शिकायचं म्हटलं की आपली ही हुशारी जाते कुठं? कोरेगावात माझ्याकडं दरवर्षी तीन-चार मुली तरी अर्जाचं इंग्रजी तपासून घ्यायला येतात. कुणाला पुण्याच्या संस्थेत संशोधन करायचं असतं, कुणाला बंगळुरूला जायचं असतं, एखादी जर्मनी, इंग्लंडचं नाव काढते. मार्क चांगले असतात, मनाची तयारी असते, घरच्यांचीही ना नसते. तरी घोडं अडतं. आणि ते अडतं दोनच ठिकाणी. एक म्हणजे कागद वेळेत गोळा होत नाहीत, आणि दुसरं म्हणजे सरांकडं शिफारसपत्र मागायला तोंड उघडत नाही.

हे दुसरं दुखणं जास्त खोल आहे. कारण आपल्याकडं 'शिफारस' हा शब्दच बदनाम झालाय. शिफारस म्हटलं की डोळ्यांपुढं येते ती पुढाऱ्याची चिठ्ठी, 'आपल्यातलीच आहे, बघा जरा' असा फोन. म्हणजे वशिला. मग स्वाभिमानी मुलीला वाटतं, मी माझ्या मार्कांवर जाईन, कुणाची शिफारस कशाला? आणि तिच्या आईलाही ते पटतं.

पण विद्यापीठ जे पत्र मागतं ते वेगळं. वशिला सांगतो, 'ही कोणाची आहे.' शिफारसपत्र सांगतं, 'ही कशी आहे.' प्रयोग फसल्यावर ही रडत बसली की पुन्हा मांडामांड केली, पुस्तकात नसलेला प्रश्न हिनं कधी विचारला का, हिच्यावर काम सोपवून निर्धास्त राहता येतं का. मार्कलिस्टवर यातलं काहीच दिसत नाही. शेकडो मैलांवर बसलेल्या, आपलं गाव कधी न पाहिलेल्या माणसाला ते कळणार कसं? ज्यानं मुलीला शिकवलंय, त्यानं सांगितलं तरच.

आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण घ्या. साताऱ्याच्या शाळेत, जिला आज आपण प्रतापसिंह हायस्कूल म्हणतो, ७ नोव्हेंबर १९०० रोजी एका मुलाचं नाव दाखल झालं. तो मुलगा म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्या शाळाप्रवेशाची आठवण म्हणून महाराष्ट्रात ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस पाळला जातो. पुढं बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथं प्राध्यापक सेलिग्मन यांनी त्यांना अर्थशास्त्र शिकवलं. पुढं लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधल्या शिक्षणासाठी याच सेलिग्मन यांनी तिथले प्राध्यापक फॉक्सवेल यांना बाबासाहेबांविषयी शिफारसपत्र लिहिलं. आणि १९२० मध्ये फॉक्सवेल यांनी संस्थेच्या सचिव मिसेस मेअर यांना काय कळवलं? तर या माणसानं डॉक्टरेटपर्यंतचं काम आधीच केलंय, याला जिंकायला इथं आता काही उरलेलं नाही, अशा अर्थाचं. बाबासाहेबांएवढ्या विद्वानालाही अर्जासोबत शिक्षकाचा शब्द लागला, आणि त्यात त्यांना काही कमीपणा वाटला नाही. मग आपल्या पोरींनी का लाजावं?

याच गोष्टीत आणखी एक बारकावा आहे, तो मला फार आवडतो. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि बाबासाहेबांना शिक्षण अर्धवट टाकून परतावं लागलं. पण येण्याआधी त्यांनी चार वर्षांच्या आत परत येऊन शिक्षण पुरं करण्याची परवानगी विद्यापीठाकडून घेऊन ठेवली होती. तो कागद होता म्हणून १९२० मध्ये दार उघडं राहिलं. आणि हेही ऐका. १९२१ च्या एप्रिलमध्ये परीक्षेचा फॉर्म भरायची मुदत त्यांच्याही हातून हुकली होती! तेव्हा मिसेस मेअर यांनी लंडन विद्यापीठाला पत्र लिहून उशिरा फॉर्म घेण्याची परवानगी मागितली. म्हणजे तारीख कुणाचीही चुकू शकते. पण आपल्यासाठी पत्र लिहिणारी मिसेस मेअर प्रत्येकीला भेटेलच असं नाही. म्हणून तारखा आपणच सांभाळायच्या.

बायकांचा इतिहास पाहायचा तर आनंदीबाई जोशींकडं बघा. १८७८ मध्ये गोपाळराव कोल्हापुरात पोस्टात नोकरीला होते. बायकोला अमेरिकेत शिकता यावं म्हणून त्यांनी तिथल्या मिशनऱ्यांकडं मदत मागितली. ते पत्र विल्डर नावाच्या मिशनऱ्यानं आपल्या मासिकात छापलं, पण सोबत सल्ला दिला तो धर्म बदलण्याचा. दुसरं कुणी असतं तर तिथंच गप्प बसलं असतं. पण ते छापलेलं पत्र १८८० मध्ये न्यू जर्सीतल्या कार्पेंटर नावाच्या बाईंच्या वाचनात आलं. त्यांनी आनंदीबाईंशी पत्रव्यवहार सुरू केला, आणि १८८३ मध्ये आनंदीबाई अमेरिकेत पोचल्या तेव्हा त्यांना घरात ठेवून घेतलं. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाला प्रवेशासाठी पत्र मात्र आनंदीबाईंनी स्वतः लिहिलं, आपल्या हातानं, अठराव्या वर्षी. १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. मागितलेलं पहिल्या ठिकाणी मिळालं नाही, तरी मागितलं म्हणूनच पुढचं घडलं.

आता आजच्या मुलींकडं येऊ. महाराष्ट्र सरकारनं २०२४ मध्ये मुलींच्या व्यावसायिक उच्च शिक्षणाची फी माफ करण्याचा निर्णय घेतला, वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या आणि ठरावीक प्रवर्गांतल्या घरांसाठी. फार चांगलं झालं. पण फी हा एक अडथळा. माहिती नसणं आणि मागायची भीड वाटणं, हे अडथळे कुठल्या शासन निर्णयानं दूर होणार? ते घरातूनच दूर व्हायला हवेत.

भीड का वाटते तेही समजून घेऊ. आपली मुलगी खेड्यातून एसटीनं कॉलेजला येते. शेवटचा तास संपायच्या आत तिची नजर घड्याळावर, कारण साडेतीनची गाडी चुकली तर पुढची कधी येईल याचा नेम नाही. कॉलेज सुटल्यावर सरांपाशी थांबून चार प्रश्न विचारणारी मुलं वेगळी. मग तिसऱ्या वर्षी सर तिला ओळखतात ते हजेरीपटावरच्या क्रमांकानं. त्यात आपणच लहानपणापासून शिकवलेलं, मान खाली घालून जायचं, खाली घालून यायचं. अशा मुलीला एकदम सांगायचं, 'जा आणि सरांना म्हण, माझ्याबद्दल चांगलं लिहा.' तिच्या पायात गोळे येणारच!

म्हणून पत्राची तयारी पत्र मागण्याच्या दिवशी सुरू होत नाही, ती दुसऱ्या वर्षीच करायची. पावसाळ्याची बेगमी आपण चैत्र-वैशाखात करतो ना? कुरडया, पापड, सांडगे उन्हात घालतो, ते आभाळ भरून आल्यावर थोडेच! तसंच आहे हे. एखाद्या विषयाचा छोटा प्रकल्प घ्यायचा, सेमिनारला उभं राहायचं, आठवड्यातून एकदा तरी तासानंतर दहा मिनिटं थांबून शंका विचारायची. आणि त्या दिवशी पोरगी तासभर उशिरा घरी आली तर आपण दारातच 'कुठं होतीस?' म्हणून उभं राहायचं नाही. तो तासभर तिच्या पत्राच्या खात्यावर जमा होतोय असं समजायचं.

पत्र मागायचं कुणाकडं? पुष्कळ जणींना वाटतं, प्राचार्यांचं पत्र असलं म्हणजे वजन पडतं. तसं नाही. ज्या प्राचार्यांनी मुलीला कधी शिकवलंच नाही, ते लिहून लिहून काय लिहिणार? 'ही आमची विद्यार्थिनी असून तिची वर्तणूक चांगली आहे.' हा झाला वर्तणुकीचा दाखला. त्यापेक्षा ज्या मॅडमनी प्रकल्प करून घेतला, त्यांचं साधं, खरं पत्र कितीतरी मोलाचं. पद मोठं नको, ओळख खरी हवी. सहसा दोन किंवा तीन पत्रं लागतात. ब्रिटिश सरकारच्या चिव्हनिंग शिष्यवृत्तीला दोन, अमेरिकेच्या फुलब्राइट-नेहरू मास्टर्स शिष्यवृत्तीला तीन. या दोन्हींना नोकरीचा अनुभवही लागतो, त्यामुळं नोकरी करणाऱ्या मुलीनं एक पत्र आपल्या साहेबांकडून घ्यावं.

कधी मागायचं? मुदतीच्या किमान सहा आठवडे आधी. प्राध्यापकांना परीक्षा असतात, पेपर तपासायचे असतात, त्यात निवडणुकीची कामं येतात. आदल्या दिवशी जाऊन 'सर, उद्या लास्ट डेट आहे' म्हणणं बरं दिसत नाही, आणि घाईत लिहिलेल्या पत्रात जीवही नसतो.

कसं मागायचं? शक्यतो समोर जाऊन, आणि सरळ. "सर, मी एम.एस्सी.साठी बाहेर अर्ज करतेय. तुमच्या हाताखाली मी प्रकल्प केलाय. माझ्याबद्दल तुम्हाला मनापासून चांगलं पत्र लिहिता येईल का? मुदत अमुक तारखेला आहे." यात 'मनापासून' हा शब्द महत्त्वाचा. ज्यांना जमणार नाही त्यांना नाही म्हणायला वाट राहते, आणि मुलीलाही वेळेत कळतं. सर हो म्हणाले की त्याच आठवड्यात त्यांच्या हातात एक फाइल द्यायची. त्यात मार्कलिस्टच्या प्रती, प्रकल्पाचा गोषवारा, कुठं कुठं अर्ज करतेय त्याची तारखांसकट यादी, आणि एका पानावर स्वतःविषयी: काय शिकायचंय, का शिकायचंय, सरांच्या तासाला केलेलं कुठलं काम लक्षात राहण्यासारखं आहे. मुदतीच्या दहा दिवस आधी एकदा नम्रपणे आठवण करायची. त्यात उद्धटपणा काही नाही. सरांनाही ती हवीच असते.

आता एक अवघड गोष्ट. बऱ्याच ठिकाणी सर म्हणतात, "तूच लिहून आण, मी सही करतो." त्यांचा हेतू वाईट नसतो. वेळ नसतो, कधी इंग्रजीचा संकोच असतो. पण मुलगी स्वतःचं कौतुक काय लिहिणार? एक तर ती लाजून दोन ओळी लिहिते, नाहीतर कुणाचं तरी पत्र उतरवून काढते. तिन्ही पत्रांची भाषा एकसारखी निघाली तर वाचणाऱ्याला ते ताबडतोब कळतं. आता बरीच परदेशी विद्यापीठं पत्र विद्यार्थ्याच्या हाती मागतच नाहीत, शिक्षकाच्या ईमेलवर थेट दुवा पाठवतात. अमेरिकेत तर १९७४ चा कायदा आहे, त्यानुसार विद्यार्थ्याला आपली नोंद पाहण्याचा हक्क असतो. म्हणून फॉर्मवर विचारतात, हे पत्र पाहण्याचा हक्क तुम्ही सोडता का? तिथं 'हो' म्हणणं बरं, कारण विद्यार्थ्यानं न पाहिलेल्या पत्रावर वाचणारा जास्त विश्वास ठेवतो. तेव्हा 'लिहून आण' असं उत्तर आलं तर मुलीनं म्हणावं, "सर, मी मुद्दे काढून देते, वाक्यं तुमची असू द्या." मराठीत चार ओळी सांगितल्या तरी चालतील, इंग्रजी करायला मदत मिळते. मत मात्र सरांचं हवं.

आणि माझी शिक्षकांनाही विनंती आहे. हा कर्मवीर भाऊराव पाटलांचा जिल्हा. १९१९ मध्ये काले गावात त्यांनी रयत शिक्षण संस्था सुरू केली, 'कमवा आणि शिका'चा मार्ग दाखवला. गरिबाच्या पोराच्या पाठीशी शब्द घेऊन उभं राहणं ही इथल्या शिक्षकांची जुनी रीत आहे. शिफारसपत्र हा त्यातलाच भाग समजा. कॉलेजांनी प्रत्येक शिक्षकाला संस्थेच्या नावाचा ईमेल द्यावा, कारण खासगी पत्त्यावरून आलेल्या पत्राकडं काही विद्यापीठं संशयानं पाहतात. वर्षातून एक दिवस तिसऱ्या वर्षाच्या मुलींना बसवून अर्ज कसा करायचा ते सांगावं. याला निधी लागत नाही.

आता कागदांचं. इथं आई म्हणून तुमचं राज्य! एक दोनशे पानी वही घ्या. प्रत्येक विद्यापीठाला एक पान. वर मुदतीची तारीख लाल शाईनं. खाली रकाने: कोणता कागद हवा, कुठं मिळतो, अर्ज कधी दिला, हाती कधी आला, पत्र कुणाला मागितलं, त्यांनी पाठवलं का. भिंतीवरच्या कॅलेंडरवर आपण दुधाचा खाडा लिहितो, गॅस कधी लावला ते लिहितो, तिथंच या तारखाही लिहा. म्हणजे येता-जाता साऱ्या घराला दिसतील.

तारखा मोजायच्या त्या शेवटापासून मागं. अमेरिकेत ऑगस्ट-सप्टेंबरला शिक्षण सुरू होणार असेल तर अर्ज बहुधा आदल्या डिसेंबर-जानेवारीतच जातो. म्हणजे पत्रांची विनंती दिवाळीच्या आधीच. ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सगळ्या सत्रांच्या मार्कांचा विद्यापीठानं शिक्का मारून दिलेला उतारा, मुलीचा सातबाराच म्हणा ना, तो आपल्या भागातल्या मुलींना कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातून काढावा लागतो. त्याला वेळ धरा. जर्मनीला जायचं तर नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना एपीएस प्रमाणपत्र लागतं, त्यालाही वेळ धरा. आणि अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलींसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, तिला विद्यापीठाचं प्रवेशपत्र आधी हातात लागतं. म्हणजे शिक्षकांचं पत्र चुकलं तर प्रवेश चुकतो, आणि प्रवेश चुकला तर शिष्यवृत्तीही गेली. एका पत्राला एवढं सगळं टांगलेलं असतं.

दोन गोष्टी विशेष जपा. पहिली म्हणजे नाव. मार्कलिस्टवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, कुठं वडिलांचं नाव आहे, कुठं नाही, स्पेलिंग तीन ठिकाणी तीन तऱ्हेचं. पासपोर्ट काढण्याआधीच हे एकसारखं करून घ्या. लग्न झालेल्या मुलींनी तर फारच सांभाळावं, माहेरचं नाव असलेली पदवी आणि सासरचं नाव असलेला पासपोर्ट यांचा मेळ घालणारा कागद जवळ हवा. दुसरी म्हणजे ईमेल आणि मोबाइल. फॉर्म भरताना नेट कॅफेवाल्या दादाचा ईमेल, भावाचा नंबर टाकायची सवय मोडा. पासवर्ड दादाकडं, ओटीपी भावाच्या फोनवर आणि भाऊ पुण्याला कामावर! मुलाखतीचं बोलावणं आलं तरी पोरीला पत्ता नसतो. तिचा ईमेल तिचा, तिचा नंबर तिचा.

आपल्या कोरेगावच्या वाघ्या घेवड्याचं बघा. पिढ्यान्‌पिढ्या आपण तो पिकवतोय, खातोय, त्याची चव आपल्याला ठाऊक. पण २०१६ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं ते कुणीतरी अर्ज केला, पुरावे जोडले, हा इथलाच आणि असाच आहे असं कागदावर सिद्ध केलं म्हणून. घेवडा आधीही तेवढाच चांगला होता. पोरींचंही तसंच. त्या चांगल्याच आहेत, पण बाहेरच्या माणसाला ते कागदावरून कळणार.

आणि हो, निकाल काहीही लागो, पत्र लिहिणाऱ्या सरांना, मॅडमना तो जाऊन सांगायचा. प्रवेश मिळाला तर पेढे घेऊन, नाही मिळाला तर आभार मानून. पुढच्या वर्षी तेच दुसऱ्या पत्रासाठी पेन उचलतील, तुमच्या लेकीसाठी नाहीतर शेजारणीच्या लेकीसाठी.

तेव्हा मैत्रिणींनो, आज रात्री जेवणं झाली की लेकीला एवढंच विचारा, "तुला नीट ओळखतात असे सर-मॅडम कोण कोण आहेत?" दोन नावं सांगितली तर छानच. नाही सांगता आली तर रागावू नका. उद्या तास संपल्यावर दहा मिनिटं थांब म्हणावं, आणि साडेतीनची गाडी चुकली तर पुढच्या गाडीनं ये.